पालथं ताट

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास माझ्या भावाने माझ्या वडिलांना मारलं. अंगणात पहार होती, त्या पहारीने मारलं. वडील जागेवर गेले. भाऊ ओट्यावर बसला आणि पोलीस येईपर्यंत उठला नाही. मी त्या वेळी अंबडला शाळेत होते. सकाळी माझ्या फोनवर त्याचा कॉल येऊन गेला होता. मी तो घेतला नव्हता.

एवढं लिहायला मला तीन वर्षं लागली. लोकांना अशा गोष्टीचं कारण एका शब्दात हवं असतं. वाटणी होती का, दारू होती का, बाईचं काही होतं का. आमच्याकडे यातलं काही नव्हतं. मी खरं कारण सांगायला लागते तेव्हा समोरचा माणूस थोडा वेळ ऐकतो आणि मग त्याची नजर इकडेतिकडे जायला लागते. कारण मी सांगत असते ते स्वयंपाकघरातल्या एका ताटाबद्दल असतं.

आमचं गाव भोकरदन तालुक्यात, धावड्याच्या पुढे. घरात वडील, आई, भाऊ, वहिनी, त्यांची सात वर्षांची मुलगी, आणि सुट्टीला येणारी मी. वडिलांना सगळे अण्णा म्हणायचे. आम्ही, गाव, नातसुद्धा. घरात प्रत्येकाचं ताट वेगळं होतं. स्टीलची जाड ताटं, काठावर नाव घातलेली, मांडणीवर ओळीने उभी. पहिलं अण्णांचं, मग भाऊचं, मग आईचं, माझं. वहिनीच्या ताटावर तिच्या मामाचं नाव होतं, कारण लग्नात ते ताट त्यांनी दिलं होतं. नवीन घेऊन तिचं नाव घालू, असं भाऊने एकदा म्हटलं तेव्हा अण्णा म्हणाले होते की ती या घरची झाली की घालू. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी त्या ताटावर मामाच होते.

अण्णांनी आम्हाला कधी मारलं नाही. हे ते पारावर बसून अभिमानाने सांगायचे आणि ते खरं होतं. चूक झाली की अण्णा उठायचे, स्वयंपाकघरात जायचे आणि मांडणीवरचं त्या माणसाचं ताट पालथं घालायचे. आवाज व्हायचा तेवढाच. त्या क्षणापासून घरातल्या कुणी त्या माणसाशी बोलायचं नाही. त्याने काही विचारलं तरी उत्तर द्यायचं नाही. सगळ्यांची जेवणं झाली की त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं, एकट्याने जेवायचं, ताट धुऊन पुन्हा पालथं ठेवायचं. सुटायचा रस्ता एकच होता. सगळे जेवायला बसलेले असताना ते ताट दोन्ही हातांत धरून अण्णांपुढे उभं राहायचं आणि 'चुकलं' म्हणायचं. काय चुकलं ते कुणी विचारत नसे. अण्णा ताट घ्यायचे, सुलटं करायचे आणि स्वतःच्या हाताने त्यात भाकरी घालायचे. त्या दिवशी ते इतक्या मायेने बोलायचे, डोक्यावरून इतका वेळ हात फिरवायचे, की पुढच्या वेळी आपण हे सगळं लवकर का केलं नाही याचीच लाज वाटायची.

गावात आमच्या घराचं नाव होतं. शेजारी भांडणं व्हायची, भांडी आपटायची, बायका रडायच्या. आमच्या घरातून आवाज यायचा नाही. दोन भावांचं वाजलं की लोक अण्णांना बोलवायला यायचे. अण्णा पटका बांधून जायचे आणि मिटवून यायचे. लोक म्हणायचे, घर कसं ठेवलंय बघा.

माझं ताट पहिल्यांदा पालथं झालं तेव्हा मी बारा वर्षांची होते. शाळेत गुरुजींनी विचारलं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला कोण बसणार? मी हात वर केला. घरी विचारलं नव्हतं. गुरुजी संध्याकाळी घरी आले, अण्णांचं अभिनंदन करून, चहा पिऊन गेले. अण्णा हसून बोलले, त्यांना दारापर्यंत सोडून आले आणि तसेच आत गेले. मी अंगणात उभी राहून तो आवाज ऐकला.

एकोणीस दिवस. पहिले चार दिवस मी रडले, मग रडणं थांबलं आणि कान बधिर झाल्यासारखं झालं. आई माझ्या समोरून जायची आणि मी भिंत असल्यासारखी बघायची. आज मला कळतं की आईलाही भीती होती. मावशीने एकदा सांगितलं होतं, माझ्या जन्माआधी आईचं ताट कितीतरी महिने पालथं होतं. किती, ते आईने कधी कुणाला सांगितलं नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला हे काही कळत नाही. तिला एवढंच कळतं की आईने पाहिलं आणि पाहिलं नाही.

सहाव्या दिवशी मी गोठ्यात शेण काढत होते. भाऊ सोळा वर्षांचा होता. तो बैलापुढे कडबा टाकायला आला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. बैलाच्या मानेवर हात ठेवून तो बैलाला म्हणाला, "काय बैलोबा, सहामाहीचा गणिताचा पेपर कसा गेल्ता?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने पुन्हा बैलालाच विचारलं. मग मला समजलं. मी म्हशीकडे वळले.

"म्हशे, त्याला सांग, दोन गणितं राह्यली."

"दोनच? मंग हा बैल पास हाय. मागच्या साली ह्याचे चार राह्यल्ते."

मी शेणाचा हात तोंडावर दाबून हसले. अण्णांनी विचारलं असतं तर भाऊने शपथेवर सांगितलं असतं की मी बहिणीशी एक शब्द बोललो नाही. त्यानंतर रोज गोठ्यात आमचं बोलणं व्हायचं. बैल आणि म्हैस यांच्यामार्फत मला कळायचं की आज शाळेत काय झालं, आईच्या पायाला काय लागलं, अण्णा काय म्हणाले. त्या एकोणीस दिवसांत मी वेडी झाले नाही ती त्या दोन जनावरांमुळे. म्हणजे भाऊमुळे.

विसाव्या दिवशी मी ताट धरून उभी राहिले आणि चुकलं म्हणाले. मग अण्णांनीच मला परीक्षेला बसवलं, स्वतः जालन्याला घेऊन गेले. परवानगी त्यांची झाली होती.

मला वाचायची सवय लागली ती याच शिक्षांनी. कुणी बोलत नसलं की हातात येईल ते वाचायचं. किराणा बांधून आलेला कागद, खताच्या पोत्यावरचा मजकूर, शाळेच्या कपाटातली पुस्तकं. पुढे मी शिकले, शिक्षिका झाले, अंबडच्या शाळेत लागले. शाळेचं ग्रंथालय माझ्याकडे आहे. मुलांना भाषणात सांगतात की मॅडमना लहानपणापासून वाचनाची केवढी आवड. मी खाली बघते.

अंबडला खोली घेऊन राहायची परवानगी अण्णांनी दिली होती, आणि दिली होती हे ते मला विसरू देत नसत. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा. तो फोन मला जेवणासारखा लागायचा. माझं ताट पालथं झालं की तो बंद व्हायचा. अण्णांना तिथे अंबडला येऊन मला काही करायची गरज नव्हती. मांडणीपर्यंत गेलं की काम व्हायचं. हे मी लिहिते आहे कारण पुढे मी जे केलं त्याचं दुसरं काही कारण माझ्याकडे नाही, आणि हे कारण पुरेसं नाही हे मला माहीत आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी वहिनीला त्रास सुरू झाला. अंगावरून जात होतं, दोन महिने थांबत नव्हतं. अण्णा म्हणाले, सोयाबीन निघू द्या, मग बघू. त्यात दुष्टपणा नव्हता, त्यांची ही नेहमीची पद्धत होती. कुठलीही गोष्ट त्यांनी ठरवलेल्या वेळी व्हायची. मळणीयंत्राचा आमचा नंबर लागला त्या सकाळी वहिनीला भोवळ आली. भाऊने कुणाला काही न विचारता तिला मोटारसायकलवर बसवलं आणि जालन्याला डॉक्टरकडे नेलं. मळणी अण्णांनी आणि गड्यांनी केली. संध्याकाळी भाऊ परत आला, हातात सोनोग्राफीचा लिफाफा होता. गर्भपिशवीचं काहीतरी होतं, ऑपरेशन सांगितलं होतं. तो लिफाफा त्याने अण्णांपुढे धरला. अण्णांनी तो घेतला नाही. ते आत गेले. त्या दिवशी दोन ताटं पालथी झाली, भाऊचं आणि मामांचं नाव असलेलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा मला फोन आला. ते सहसा फोन करत नसत.

"बाई, भावाचं बोलणं बंद हाय. वहिनीचं बी. ध्यानात ठेव."

मी चौतीस वर्षांची होते. पगार माझा होता, खोली माझ्या नावावर होती. मी म्हणाले, "बरं."

भाऊने आजवर प्रत्येक वेळी चुकलं म्हटलं होतं. पटापट म्हणायचा, त्यावरून मी त्याला चिडवायचेही. या वेळी त्याने म्हटलं नाही. मला हे आईकडून कळलं. आई रोज फोनवर सांगायची की अजून म्हणाला नाही, आणि तिचा आवाज भाऊवर रागावलेला असायचा. अण्णांवर कुणी रागवायचं नसतं, म्हणून आमचा सगळ्यांचा राग नेहमी पालथ्या ताटावर जायचा. काय होतं एक शब्द म्हणायला, असं आई म्हणायची. मीही तेच म्हणाले. मी मराठी शिकवते. एका शब्दाचं काय होतं हे मला ठाऊक असायला हवं होतं.

आठवडाभराने अण्णांनी नातीला आजीजवळ झोपवायला सुरुवात केली. पोरीने आईबापाशी बोलायचं नाही, हे तिला समजावून सांगितलं. समजावलं माझ्या आईनेच. खेळासारखं आहे, अण्णा सांगतील तेव्हा संपेल. पोरगी शहाणी होती. नवव्या दिवशी वहिनी ताट घेऊन उभी राहिली. तिला पोरगी परत हवी होती. ती चुकलं म्हणाली, अण्णांनी तिच्या ताटात भाकरी घातली, आणि ऑपरेशनचं दिवाळीनंतर नक्की करू म्हणाले. त्या रात्री पोरगी आईच्या कुशीत आली. पण वहिनीचं ताट सुलटं झालं आणि नवऱ्याचं पालथं होतं, म्हणजे आता तिनेही त्याच्याशी बोलायचं नव्हतं. ती बोलली नाही. मी तिला याबद्दल कधी काही विचारलं नाही. विचारायला माझं तोंड नाही.

मग भाऊ एकटा राहिला. त्याने मला फोन करायला सुरुवात केली. दिवसाआड, शेतातून. मी शिक्षकांच्या खोलीत बसलेली असायचे, फोन थरथरायचा, पडद्यावर 'भाऊ' दिसायचं. मी बघत राहायचे. बंदही करायचे नाही, कारण बंद केलं तर ते उत्तर झालं असतं. थरथर थांबली की मी वह्या तपासायला घ्यायचे. एका बाईंनी एकदा विचारलं, मॅडम, घेत का नाही? मी म्हणाले, कंपनीचा आहे.

गोठ्यातला बैल मला त्या दिवसांत आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. माझ्यापाशी म्हैस नव्हती, असा विनोदही मी मनाशी केला. घरापासून शंभर किलोमीटरवर एका खोलीत बसून, दार लावून, मी फोन घेतला असता तर कुणाला कळलं असतं? कुणाला नाही. अण्णांनी मला कधी पकडलं नसतं. तरी मी घेतला नाही. मला वाटतं, भीतीपेक्षा मला सवय जास्त होती. आणि एक लहानशी गोष्ट आणखी होती, ती कबूल करते. त्याचं ताट पालथं होतं, माझं सुलटं होतं, आणि त्या दिवसांत अण्णा माझ्याशी फार चांगलं बोलत होते.

मंगळवारी पोरीला ताप होता म्हणून ती शाळेत गेली नव्हती. आई देवळात गेली होती. वहिनी चुलीपाशी होती; पुढचं मी तिच्याकडून ऐकलं आहे, घरी एकदा आणि कोर्टात एकदा, आणि दोन्हीकडे तिने तेच शब्द वापरले. अण्णा अंगणात बाजेवर पेपर वाचत होते. गोठ्याच्या नव्या खांबासाठी खड्डा खणायचा होता, त्याची पहार भिंतीला टेकवलेली होती. पोरगी घासलेली ताटं पुसून मांडणीवर लावत होती. आजीचं बघून तिला ते काम आवडायला लागलं होतं. भाऊ शेतातून आला. दारातून त्याने पोरीला विचारलं, "ताप उतरला का, बाई?"

पोरीने बापाकडे पाहिलं. मग तिने मान वळवून अंगणात, अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पेपर खाली केला होता. तिच्या हातात त्या वेळी भाऊचंच ताट होतं. तिने ते मांडणीवर पालथं ठेवलं, नीट, दोन्ही हातांनी.

अण्णा म्हणाले, "शाबास."

त्यानंतर जे झालं ते पहिल्या परिच्छेदात आहे.

खटला दोन वर्षं चालला. आमचा वकील तरुण होता, वाईट नव्हता. तो मला म्हणाला, ताई, मला चिथावणी दाखवावी लागेल. मयताने काय शिवी दिली, काय हात उगारला, ते सांगा. मी त्याला ताटाचं सांगितलं, एकोणीस दिवसांचं, आईच्या महिन्यांचं. त्याने वहीत काही लिहिलं नाही. वहिनीला कोर्टात विचारलं गेलं की मयत त्या वेळी काय बोलला. ती म्हणाली, शाबास म्हणले. कुणाला? पोरीला. आरोपीला काय म्हणाला? आरोपीला काही न्हाई, त्यांचं बोलणं बंद होतं. टंकलेखक थांबला आणि त्याने मान वर करून विचारलं, 'शाबास' असंच लिहू का?

गावातला एक साक्षीदार आला. आमच्या घराला लागून त्याचं घर, लहानपणापासून मी त्याला काका म्हणते. त्याला विचारलं, घरात बापलेकांची भांडणं होत होती का? तो म्हणाला, "बिलकुल न्हाई. त्या घरातून आमी कधी आवाज ऐकला न्हाई." तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या त्या वाक्याने भाऊची उरलीसुरली बाजूही गेली. एवढं शांत घर, एवढे देवमाणूस वडील, त्यांना कारण नसताना मारलं. जन्मठेप झाली.

मला त्याला माफ करायचं नाही. अण्णा माझे वडील होते. ते मला जालन्याला परीक्षेला घेऊन गेले तेव्हा बस स्टँडवर त्यांनी मला केळी घेऊन दिली होती आणि केंद्राबाहेर उन्हात तीन तास उभे राहिले होते, हे मी विसरू शकत नाही. त्यांच्यासाठी मी रडते. अजून कधी कधी शाळेतून येताना वाटतं, आज अण्णांना फोन करावा. आणि मग त्यांचा शेवटचा फोन आठवतो, आणि त्यावर मी दिलेलं उत्तर.

शिक्षा झाल्यावर भाऊला मध्यवर्ती कारागृहात हलवलं. महिन्यातून एकदा मी अंबडहून निघते, दुपारची भेट मिळते. मधे काच असते, बोलायला दोन्ही बाजूंना फोन असतो. पहिल्या भेटीत मी तो उचलला आणि किती तरी वेळ कानाला धरून ठेवला. त्याने वजन कमी झाल्याचं, जेवण बराबर मिळत असल्याचं सांगितलं. मग मी विचारलं, त्या दिवशी सकाळी तू मला फोन कशाला केला होतास?

त्याला खरोखर आठवावं लागलं.

"काही खास न्हाई. पोरीला ताप होता ना. कोणती गोळी देऊन राह्यले, दिली का न्हाई, मला कोणी सांगतच नव्हतं. म्हनलं तुला आईनं सांगितलं असंल."

आईने मला सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी. कोणती गोळी, किती वेळा, ताप किती. सगळं मला माहीत होतं.

वहिनी आणि पोरगी आता माझ्याजवळ अंबडला राहतात. वहिनीचं ऑपरेशन झालं. ती शिवणकाम करते. पोरगी दहा वर्षांची झाली, चौथीत आहे, वर्गात पहिली येते आणि फार कमी बोलते. तिच्या बाई मला म्हणाल्या, तुमच्यासारखीच आहे, शांत.

आई गावी आहे. ती तुरुंगात येत नाही. मी तिला अनेकदा म्हटलं. तिसऱ्या वर्षीही ती त्याचं नाव घेत नाही. नावाऐवजी 'ते' म्हणते, परक्या माणसाबद्दल बोलावं तसं, तेही क्वचित. तेराव्याच्या दिवशी नातेवाईक गेल्यावर तिने सगळी भांडी घासून मांडणी लावली होती. अण्णांचं ताट पहिलं, सुलटं. भाऊचं दुसरं, पालथं. मी ते उचलून सुलटं केलं. तिने माझ्याकडे न बघता पुन्हा पालथं केलं. मी म्हणाले, आई, आता कोण आहे बघायला? ती म्हणाली, "ज्यानं घातलं त्यानंच उचलायचं असतं." मी तिला सांगू शकले नाही की शेवटी ते नातीने घातलं होतं. तिला तेव्हा माहीत नव्हतं. आता कदाचित माहीत असेल.

गेल्या महिन्यात पोरीने पहिल्यांदा माझ्याबरोबर भेटीला यायचं कबूल केलं. वहिनी घाबरली होती, पण तिने वेणी घालून दिली. काचेपुढे पोरगी माझ्या शेजारी बसली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मी फोन तिच्या कानाला लावायला गेले, तिने मान हलवली. भाऊने ते पाहिलं. मी फोन आम्हा दोघींच्या मधे धरला. भाऊने पोरीकडे बघायचं सोडून दिलं, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काय म्हशे, चौथीचा गणिताचा पेपर कसा गेल्ता?"

मी फोन पोरीच्या बाजूला थोडा सरकवला. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिने एकदम माझ्याकडे पाहिलं, मला म्हैस म्हटलं म्हणून. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी वाट बघितली. भाऊनेही बघितली. पण ती काही बोलली नाही आणि वेळ संपली. जाताना भाऊने हात वर केला. तिने केला नाही.

परतीच्या बसमध्ये जालना सुटल्यावर ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आत्या, मी ताट पालथं केलं म्हणून झालं का?"

हा प्रश्न येणार हे मला तीन वर्षं माहीत होतं आणि मी त्यासाठी बरीच वाक्यं तयार ठेवली होती. त्यातलं एकही मी वापरलं नाही. मी तिला म्हणाले, नाही. तू सात वर्षांची होतीस, तुला जे शिकवलं ते तू केलंस. मी मोठी होते. तुझा बाप मला दिवसाआड फोन करत होता आणि मी उचलत नव्हते. त्या सकाळी तुझ्या तापाचं एवढंच त्याला विचारायचं होतं. मला माहीत होतं, मी सांगितलं नाही.

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिला राग आला होता. तो मला बरा वाटला. अंबड येईपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि घरी गेल्यावरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, तू बोलू नकोस, पण मी बोलत राहणार आहे. तिने चहा संपवला. मग म्हणाली, बास आता, शाळेला उशीर होतोय.

पुढच्या भेटीला ती येणार की नाही हे तिने अजून सांगितलेलं नाही. मी तारीख घेतली आहे. वहिनी इथे आहे, आई गावी आहे, अण्णा नाहीत, भाऊ आत आहे. त्याचं ताट गावच्या मांडणीवर अण्णांच्या ताटाशेजारी आहे आणि पालथं आहे.